हिप्पार्कसचा आवक्ष पुतळा: शाडूपासून प्लास्टरपर्यंत

हिप्पार्कस हा प्राचीन ग्रीक खगोलज्ञ कसा दिसत होता हे कोणालाही माहीत नाही. मातीला हात लावण्याआधी ही गोष्ट मनाशी पक्की धरा, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्यावरच अडतो. टिळकांचा पुतळा करायचा तर समोर छायाचित्रं असतात. हिप्पार्कसच्या बाबतीत हाती आहेत ती निकिया या त्याच्या जन्मगावानं रोमन अमलात पाडलेली काही नाणी. त्यांच्या मागच्या बाजूला खगोलासमोर बसलेला एक पुरुष दिसतो, भोवती हिप्पार्कसचं नाव. पण ही नाणी इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली, म्हणजे तो गेल्यावर अडीचशेहून जास्त वर्षांनी पाडलेली. शिवाय त्यातला चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. त्यावरून नाकाची ठेवण ठरवता येत नाही.

तरी पुतळा करावा असं मला मनापासून वाटतं. हिप्पार्कस इ.स.पू. १९० च्या सुमारास निकियात जन्मला (आज ते तुर्कस्तानातलं इझनिक) आणि त्यानं बरीचशी निरीक्षणं ऱ्होड्स बेटावरून केली. त्याच्या आधी साधारण दीडशे वर्षं अलेक्झांड्रियाच्या टिमोखारिसनं चित्रेचा तारा शरद संपातापासून (सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य आकाशात जिथे असतो त्या बिंदूपासून) ८ अंशांवर नोंदवला होता. हिप्पार्कसला तो ६ अंशांवर सापडला. हा २ अंशांचा फरक त्यानं आधीच्या माणसाची चूक म्हणून सोडून दिला नाही. संपातबिंदूच सरकतोय, असा निष्कर्ष त्यानं काढला. आपण ज्याला संपातचलन म्हणतो ते हेच, आणि आपले चित्रापक्षीय पंचांगकर्ते ज्या तारेवरून अयनांश (संपात किती सरकला त्याचं माप) मोजतात ती हीच चित्रा. एका शाळेच्या खगोलवर्गासाठी मी हा पुतळा केला, तेव्हा मुलांना हे नातं सांगितलं की त्यांची नजर लगेच पुतळ्याच्या डोळ्यांकडे जायची. त्यामुळे या लेखात डोळ्यांना जरा जास्त जागा दिली आहे.

लेख धरून चाललात तर नैसर्गिक मापाहून किंचित मोठा, छातीपर्यंतचा पुतळा होईल. आधी शाडूत घडवायचा, मग प्लास्टरमध्ये काढायचा. रोज दोन-तीन तास दिले तर मातीकामाला तीन आठवडे, साचा आणि कास्टिंगला चार दिवस, आणि सुकायला वेगळे दहा-बारा दिवस धरा. मातीकाम याआधी अजिबात केलं नसेल तर एखादा साधा मुखवटा करून हात बसवून घ्या, मग इकडे वळा.

चेहरा आधी कागदावर ठरवा

माहीत नसलेला चेहरा घडवायचा म्हणजे मनाला येईल तो घडवायचा असं नाही. त्या काळातल्या, त्या भागातल्या, त्याच्यासारखं काम करणाऱ्या माणसांचे जे चेहरे आज शिल्लक आहेत त्यांच्या चौकटीत राहायचं. माझ्या अनुभवात दोन शिल्पं या कामाला सगळ्यात उपयोगी पडतात.

पहिलं पोसायडोनियसचं. हा तत्त्वज्ञ ऱ्होड्सलाच राहिला, हिप्पार्कसनंतरच्या पिढीत. अगस्तीचा तारा ऱ्होड्सहून जेमतेम क्षितिजाला टेकतो आणि अलेक्झांड्रियाहून थोडा वर दिसतो, एवढ्यावरून पृथ्वीचा परीघ काढण्याची रीत त्याच्याच नावावर आहे. त्याचा नाव कोरलेला संगमरवरी आवक्ष पुतळा नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आखूड दाढी, कपाळावर पुढे आलेले विरळ केस, गालांची हाडं दिसतील इतका कृश चेहरा. कुठेही भपका नाही. हिप्पार्कसनं जिथे काम केलं त्या ऱ्होड्सचा, त्याच्या पाठोपाठच्या काळाचा विद्वान कसा दाखवत असत, हे यावरून कळतं.

दुसरं शिल्प म्हणजे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातलं कांस्याचं मस्तक, 'अँटिकिथेराचा तत्त्वज्ञ' (अँटिकिथेरा हे ग्रीसचं एक बेट). इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं. विस्कटलेले केस, राठ दाढी, आणि डोळे वेगळ्या पदार्थात करून बसवलेले. स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना १९०० साली ज्या बुडालेल्या जहाजाचा पत्ता लागला, त्यातून हे मस्तक वर आलं. आणि त्याच जहाजातून ग्रहगणिताचं ते दातेरी चाकांचं कांस्ययंत्रही आलं. चंद्र आकाशात कधी जलद तर कधी सावकाश चालतो, ते दाखवण्यासाठी त्या यंत्रात खाचेत फिरणारी खुंटी बसवलेली आहे, आणि चंद्राच्या या गतीचं गणित हिप्पार्कसनं मांडलं होतं. म्हणून हे मस्तक समोर ठेवून काम करताना मला नेहमी बरं वाटतं.

या दोन्हींचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून घेतलेले फोटो मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावा. नक्कल करायची नाही. पोसायडोनियसच्या चेहऱ्याखाली हिप्पार्कसचं नाव लावलंत तर ती फसवणूक होईल. हाडांची ठेवण तुमच्या ओळखीतल्या एखाद्या पन्नाशीच्या माणसावरून घ्या, त्याला दोन-तीनदा समोर बसवा. केस, दाढी, वस्त्र आणि एकूण ढब ग्रीक शिल्पांवरून घ्या. वय पन्नास ते साठच्या दरम्यान ठेवलं तर योग्य, कारण त्याची स्वतःची म्हणून धरली जाणारी निरीक्षणं प्रामुख्यानं इ.स.पू. १४७ ते १२७ या वर्षांतली आहेत.

दाढीबद्दल. अलेक्झांडरनंतर ग्रीक पुरुषांत गुळगुळीत हजामतीची रीत पडली होती, पण तत्त्वज्ञ आणि विद्वान दाढी राखत. म्हणून दाढी ठेवा, पण ऋषीसारखी छातीवर रुळणारी नको. तीन-चार सेंटिमीटर पुरे.

काही चुका हटकून होतात, त्या इथेच टाळा. दुर्बीण, किंवा डोळ्याला लावलेली दुर्बिणीसारखी नळी कुठेही दाखवू नका. तशी जुनी कल्पनाचित्रं फिरत असतात, पण दुर्बिणीचा शोध १६०८ च्या सुमाराचा. डोक्यावर मुकुट नको. टॉलेमी या खगोलज्ञाला इजिप्तच्या टॉलेमी राजांपैकी एक समजून चित्रकारांनी शतकानुशतकं मुकुट घातला. राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स'मध्येही तो मुकुट घालून उभा आहे. आणि मान मागे टाकून आकाशाकडे टक लावून पाहणारा खगोलज्ञ करू नका. हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण वर चढवलेली नजर ही त्या काळच्या शिल्पात अलेक्झांडरची आणि त्याची नक्कल करणाऱ्या राजांची खूण होती. हिप्पार्कसचं मोठं काम टिमोखारिसच्या जुन्या नोंदी आपल्या नोंदींशेजारी ठेवून झालं. समोर, किंचित खाली पाहणारा, भुवया थोड्या जवळ आलेल्या असा माणूस मला जास्त खरा वाटतो.

सांगाडा

४५ बाय ४५ सेंटिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय घ्या आणि त्याला खालून दोन पट्ट्या ठोका, म्हणजे ओलाव्यानं तो वाकणार नाही आणि उचलताना बोटं घालायला जागा राहील. मधोमध फ्लँज (पाइप बसवायची आट्यांची चकती) स्क्रूनं बसवा आणि त्यात पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप फिरवून घट्ट करा. पुतळ्याची एकूण उंची ५५ सेंटिमीटर धरली (हनुवटी ३० वर, टाळू ५५ वर), तर पाइपचं टोक ४५ च्या पुढे जाऊ देऊ नका. खांद्यांच्या उंचीवर टी (तीन तोंडांचा पाइपजोड) जोडून दोन्ही बाजूंना आडवे तुकडे काढा, नाहीतर तिथे एक लाकडी पट्टी तारेनं आवळून बांधा.

डोक्यासाठी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या ॲल्युमिनियम तारेचे दोन उभे फास करा, एकमेकांना काटकोनात, आणि पाइपच्या टोकाला बांधा. फासांचा आकार शेवटच्या डोक्यापेक्षा सगळीकडून तीन-चार सेंटिमीटर लहान हवा. तार मातीबाहेर डोकावली की ती जागा कायमची बिघडते. फासांच्या आत आणि खांद्यांखाली फुलपाखरं लटकवा. लाकडाचे बोटभर दोन तुकडे फुलीसारखे बांधून तांब्याच्या तारेनं टांगायचे, त्यांना आमच्याकडे फुलपाखरू म्हणतात. ओल्या मातीचं वजन तेच धरून ठेवतात. छातीच्या पोकळीत थर्माकोलचे तुकडे भरून सुतळीनं गुंडाळा, माती वाचेल.

तार पाइपला बांधताना हात आखडता घेऊ नका. माझ्या पहिल्या मोठ्या पुतळ्याच्या वेळी मी फास नुसत्या सुतळीनं बांधले होते. सकाळी कापड काढलं तर डोकं चार बोटं खाली सरकून हनुवटी छातीत रुतली होती, आठ दिवसांचं काम गेलं. तेव्हापासून मी पाइपच्या टोकाला आरपार भोक पाडून तार त्यातून ओवतो आणि मगच पिळतो.

माती

सुका शाडू टबात घेऊन वर चार बोटं येईल इतकं पाणी घाला आणि दोन दिवस हात लावू नका. तिसऱ्या दिवशी वरचं पाणी काढून टाका, माती गोणपाटावर पसरा आणि तळव्याला चिकटायची थांबेपर्यंत तुडवा, मळा. बोटाएवढी वळी करून ती वाकवून बघा: तडे गेले तर पाणी कमी, वाकून पडली तर जास्त. या मापाच्या पुतळ्याला ओली माती २५ ते ३० किलो लागते. गणपतीसाठी काही जण शाडूत कापूस किंवा कागदाचा लगदा घालतात. इथे घालू नका. ही माती साच्यातून खरवडून काढायची आहे, आणि तंतू असले की बारीक काम करताना हत्यार अडकतं.

रोज काम संपलं की ओलं सुती कापड, त्यावर प्लास्टिकची पिशवी, खाली सुतळीचा एक वेढा. कापड नाकाला आणि कानांना दाबून बसू नये म्हणून डोक्यात तीन-चार काड्या खोचून ठेवा. शाडू सुकला की तडकतोच. मे महिन्यात दुपारी एक फवारा जास्तीचा मारा.

डोकं उभं करणं

आधी मान. पाइपभोवती मातीचे गोळे दाबत, एकमेकांत मुरवत या. मान सरळ खांबासारखी नसते, खालून वर येताना ती पुढे झुकते. हा कल पहिल्याच दिवशी धरला नाही तर नंतर कितीही दाढी चढवा, पुतळा बाहुल्यासारखा दिसतो. मग कवटी: मोठा, मागे रुंद होत गेलेला अंड्यासारखा आकार. नवशिक्यांचा सगळा जीव चेहऱ्यावर असतो आणि डोक्याचा मागचा भाग चपटा राहतो. हनुवटी ते टाळू २५ सेंटिमीटर असेल तर कपाळ ते मागचा उंचवटा साधारण २१-२२ हवा. कॅलिपरनं (दोन टोकांतलं अंतर मोजायच्या चिमट्यासारख्या हत्यारानं) मोजा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

बाकीची मापं तुमच्या ओळखीची असतील: डोळ्यांची रेघ डोक्याच्या निम्म्या उंचीवर, दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर, कान भुवई आणि नाकाच्या तळाच्या दरम्यान आणि बाजूनं पाहिलं तर मध्यरेषेच्या मागे. केस विरळ दाखवताना डोळे नकळत वर सरकतात, म्हणून निम्म्याची रेघ मातीवर ओरखडून ठेवा आणि शेवटपर्यंत पुसू नका.

आता काही दिवस नाक, डोळे, ओठ विसरा. मोठी पातळ्यांची उतरण आधी आणा. कपाळाची पुढची बाजू कुठे संपते आणि कानशिलाची बाजू कुठे सुरू होते? गालाचं हाड कुठे वळतं? लाकडी पट्टीनं माती थापटून या पातळ्या ठसठशीत करा. रोज पुतळ्याखालचं टर्नटेबल (फिरता पाट) फिरवून आठ दिशांनी पाहा आणि दिवा एका बाजूला खाली घेऊन सावल्या बघा. शक्य असेल तर अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे तिथे एक दिवस घालवा. चेहऱ्यांपेक्षा गालाकडून मानेकडे वळणारी पातळी तिथे नीट पाहा. वही घेऊन जा आणि नुसत्या त्या वळणांच्या रेघा काढा.

पन्नाशीचं वय सुरकुत्यांनी येत नाही. मांस हाडावरून किंचित खाली आलेलं असतं: भुवईचं बाहेरचं टोक पापणीवर टेकतं, डोळ्याखाली हलकी पिशवी, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी, जबड्याची रेघ दोन ठिकाणी तुटलेली. हे सगळं पातळ्यांनी आणा. कपाळावरच्या दोन आडव्या रेघा सगळ्यात शेवटी, आणि दोनच.

डोळे

चोवीस-पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या मातीच्या दोन गोळ्या वळा. डोळ्याची खोबण अंगठ्यानं पुरेशी खोल दाबा. भुवईच्या हाडाखाली नखभर सावली पडली पाहिजे. गोळी त्यात बसवा. बाजूनं पाहताना तिचा पुढचा भाग भुवईच्या मागे राहायला हवा. इथेच बहुतेक पुतळे बिघडतात, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

आता वरची पापणी. काडेपेटीच्या काडीएवढी वळी करून गोळीवर कमानीसारखी ठेवा आणि तिची वरची कड भुवईकडे मुरवा, खालची कड तशीच ठेवा. पापणीला जाडी असते, ती जाडी दिसली की डोळा जिवंत होतो. कमानीचा उंच भाग नाकाच्या बाजूला थोडा जवळ ठेवा, मधोमध नको. खालची पापणी पातळ आणि जवळजवळ सपाट. बाहेरच्या कोपऱ्यात वरची पापणी खालचीवर येते, केसाएवढी का होईना. ते ओलांडणं दाखवलं नाही तर डोळा काजूच्या आकाराचा होतो. आतल्या कोपऱ्यात लहानशी मातीची चिमूट, तिथल्या मांसल उंचवट्याची.

बुबुळ कोरायचं की नाही? संगमरवरात बुबुळ आणि बाहुली कोरायची पद्धत रोममध्ये सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १३० च्या आसपास रूढ झाली. त्याआधी संगमरवराचा डोळा गुळगुळीत ठेवून त्यावर रंगानं बुबुळ काढत, आणि कांस्यात डोळे दगड, काच, हस्तिदंत अशा पदार्थांचे बसवत. हिप्पार्कस इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. कोरलेली बाहुली त्याला अडीचशे वर्षं पुढे ढकलते. म्हणून डोळा गुळगुळीत ठेवा आणि प्लास्टर झाल्यावर बुबुळ रंगवा. ग्रीक पुतळे पांढरेशुभ्र असत हा समज त्यांचे रंग उडून गेल्यामुळे झाला आहे. मुळात ते रंगवलेलेच असत.

दोन्ही डोळे एकाच बैठकीत करा. एक आज आणि दुसरा उद्या केला तर नजर दोन दिशांना जाते. दोन्ही झाले की एक काम करा: पुतळ्याच्या नजरेच्या रेघेत, तीन मीटरवर भिंतीला खडूचा ठिपका काढा आणि त्या ठिपक्याजवळ उभे राहून पाहा. तो तुमच्याकडे बघतोय असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर डोळ्याला हात लावू नका, आधी पापण्यांची कमान तपासा.

केस, दाढी, वस्त्र

केस एकेक करून ओढू नका. आधी सगळे केस म्हणजे डोक्यावर बसवलेली एक जाड टोपी समजून तिचा आकार करा, मग तिच्यात बोटभर रुंदीचे झुपके पाडा, आणि प्रत्येक झुपक्यात दोन-तीनच रेघा ओढा. अँटिकिथेराच्या मस्तकाचे झुपके एकमेकांच्या अंगावर कसे पडतात ते पाहून तसंच करा. दाढीतही तेच, फक्त ओठाखालची मोकळी जागा आणि गालावरची दाढीची कड मऊ ठेवा.

वस्त्र म्हणजे हिमॅटियन, शिवण नसलेली मोठी शाल. ती डाव्या खांद्यावरून येते. ग्रीक तत्त्वज्ञांच्या पुतळ्यांत बहुतेकदा तिच्या आत काही घातलेलं नसतं, म्हणून छातीचा उजवा भाग उघडा ठेवा. चुण्या मनानं काढू नका. ओली सुती चादर डाव्या खांद्यावरून घेऊन आरशासमोर बसा, फोटो काढा. जाड लोकरीच्या कापडाच्या चुण्या कमी आणि गोल येतात, तेव्हा चादरीपेक्षा घोंगडी घेतलीत तर आणखी बरं.

खाली पुतळा कुठे तोडायचा हा प्रश्न उरतो. ग्रीक लोक विद्वानांचे पूर्ण पुतळे करत. मस्तकाचा किंवा छातीपर्यंतचा भाग वेगळा ठेवायची आवड रोमनांची. आपण आवक्ष करतोय म्हणजे रोमन प्रतीच्या परंपरेतच काम करतोय. छातीखाली अर्धगोल कड आणा, दंड खांद्यापासून चार बोटांवर तोडा.

साचा

एकच प्रत हवी असेल तर वेस्ट मोल्ड करा, म्हणजे फोडून टाकायचा साचा. माती ओलसर असतानाच काम सुरू करा. ओल्या मातीला प्लास्टर चिकटत नाही, तेल लावायची गरज नाही.

पातळ पत्र्याच्या चार बाय पाच सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा आणि त्या मातीत सेंटिमीटरभर खोचत एक भिंत उभी करा: एका खांद्यापासून कानामागून टाळूवरून दुसऱ्या खांद्यापर्यंत. पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या हव्यात. दर दहा-बारा सेंटिमीटरला एक पट्टी इंग्रजी व्हीसारखी वाकवून लावा, म्हणजे साच्याचे दोन भाग नंतर बरोबर जागेवर बसतील.

प्लास्टर ऑफ पॅरिस नेहमी पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरमध्ये कधीच नाही. टबात पाणी घ्या, मुठीनं प्लास्टर भुरभुरवत राहा, आणि पाण्यावर त्याचं छोटं बेट तरंगू लागलं की थांबा. मिनिटभर भिजू द्या, मग हात तळाशी ठेवून बुडबुडे होऊ न देता ढवळा. पहिल्या थरासाठी पाण्यात थोडी नीळ घाला. हा निळा थर हातानं, बोटांच्या झटक्यानं पुतळ्यावर उडवायचा, नाकपुड्या आणि पापण्यांच्या खाचांत फुंकर मारून पोचवायचा. जाडी पाच-सहा मिलिमीटर. पुढे छिन्नी चालवताना निळा रंग दिसला की पुतळा जवळ आला, हे त्यानं कळतं.

निळा थर घट्ट झाला की त्यावर मातीच्या पातळ पाण्याचा हात फिरवा, कडांना मात्र नको. मग पांढऱ्या प्लास्टरचा दुसरा थर, दोन-अडीच सेंटिमीटर, आणि खांद्यांवर काथ्या भिजवून लावा. पट्ट्यांच्या कडा उघड्या राहतील एवढं बघा. हे सगळं करताना तोंडाला मास्क हवाच, आणि जमणाऱ्या प्लास्टरमध्ये हात रुतवून ठेवू नका. ते जमताना चांगलंच तापतं, भाजतं. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका.

तीन-चार तासांनी सांध्यात पाणी ओता, लाकडी पाचर हळूच ठोका. मागचा भाग सुटेल. पुढच्या भागातून माती, तारा, पाइप काढा. चेहऱ्याजवळची माती बोटांनी आणि लाकडी हत्यारानं, धातू लावू नका. मऊ ब्रशनं पाण्यानं धुऊन काढा. हा क्षण मला फार आवडतो: साच्यातला खोलगट चेहरा उजेडात फुगीर दिसू लागतो आणि तुम्ही सरकलात की तोही वळल्यासारखा वाटतो.

भरणं आणि फोडणं

साचा पाण्यानं पूर्ण भिजवा, नाहीतर तो नव्या प्लास्टरमधलं पाणी शोषून घेईल. मग साबणाच्या दाट पाण्याचे तीन-चार हात, प्रत्येक वेळी फेस पुसून, आणि शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. दोन्ही भाग जुळवा, सुतळीनं आवळा, सांधा बाहेरून काथ्या-प्लास्टरनं बंद करा. उलटा करून आत प्लास्टर ओता, साचा सगळीकडे फिरवून जादाचं परत टबात काढा. असे दोन-तीन थर झाले की काथ्या प्लास्टरमध्ये बुडवून आतून मानेला आणि खांद्यांना लावा. मानेत एक जाड सळई घाला, गंज येऊ नये म्हणून आधी तिला रंगाचा हात द्या. एकूण जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी फोडायला घ्या. अर्ध्या इंचाची बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडा. सुरुवात डोक्याच्या मागून, चेहरा सगळ्यात शेवटी. छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात धरा, तिरकी धरली की ती आत घुसते. पांढरे टवके उडत जातात, मग एकदम निळं दिसतं. तिथून पुढे हातोडा जवळजवळ नुसता टेकवायचा. निळ्याचा कवचासारखा तुकडा सुटला की खाली तुमच्याच बोटांचे ठसे दिसतात. नाक, कान, भुवई यांच्यावरचा निळा थर बाजूनं सोडवत आणा. माझ्या हिप्पार्कसच्या नाकाचा शेंडा इथेच तुटला. तुकडा जपून ठेवला, दोन्ही कडा पाण्यानं ओल्या केल्या, प्लास्टरची पातळ खीर लावून बसवला, आणि दुसऱ्या दिवशी बारीक कानशीनं सांधा साफ केला. असं काही झालं तर घाबरू नका, पण टवके झाडून टाकण्याआधी तुकडा शोधा.

रंग, बैठक, नाव

सावलीत, वाऱ्यावर दहा-बारा दिवस सुकू द्या. पावसाळ्यात याच्या दुप्पट. हाताला गार लागत असेल तर आत ओल आहे. सुकल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन-तीन पातळ हात द्या, म्हणजे प्लास्टर रंग पिऊन टाकणार नाही. मी गडद तपकिरी अस्तरावर हिरवट काळसर रंग कोरड्या ब्रशनं लावून कांस्याचा आभास दिला आणि डोळे वेगळे, हस्तिदंती पांढरे ठेवून त्यात गडद बुबुळ काढलं. खोबणीतला रंग पुसू नका, उंचवट्यांवरचा कापडानं हलका पुसा.

बैठकीवर नाव ग्रीकमध्ये कोरायची हौस असेल तर जपून. ग्रीक मोठ्या अक्षरांत हे नाव आठ अक्षरांचं आहे: इओटा, पी, पी, आल्फा, ऱ्हो, खी, ओमिक्रॉन, सिग्मा. सुरुवातीच्या 'ह'साठी त्या लिपीत अक्षरच लिहीत नसत. इंग्रजी एचसारखं दिसणारं ग्रीक अक्षर म्हणजे ईटा, तो स्वर आहे. सवयीनं तो पुढे लावलात तर नावच बदलतं. मातीतच कोरायचं असेल तर साचा घेण्याआधी आरशात धरून पाहायची गरज नाही, वेस्ट मोल्डमधून अक्षरं सुलटच येतात.

पुतळा उघड्यावर ठेवू नका, प्लास्टर पावसात टिकत नाही. डोळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा वीतभर वर येतील एवढा चौथरा, आणि उजेड एका बाजूनं, वरून. समोरून ट्यूबलाइट पडली की तीन आठवडे आणलेल्या सगळ्या पातळ्या सपाट होतात.

पाटी पितळेची असो की लाकडाची, मजकूर आधी मुख्याध्यापकांना किंवा ज्यांनी काम दिलं त्यांना दाखवा. माझ्या वेळी दुसरी ओळ गाळावी असा आग्रह झाला, पुतळ्याची किंमत कमी होईल म्हणून. मी ती राहू दिली. पाटीवर असं आहे: 'हिप्पार्कस, निकिया, इ.स.पू. दुसरे शतक. चेहरा कल्पित, केस, दाढी व वस्त्र त्या काळच्या ग्रीक शिल्पांवरून.' अक्षरं बोटभर उंचीची ठेवा आणि दोन्ही ओळी एकाच मापात.